धावफलकात न मावलेला खेळाडू

क्रिकेटचा सामना संपतो, प्रेक्षक घरी जातात आणि मैदान रिकामे होते. मागे उरतात ते आकडे. कोणी किती धावा केल्या, कोणी किती बळी घेतले, हे सारे नोंदवहीत लिहिलेले असते. अनेक वर्षांनंतर एखादा खेळाडू केवढा मोठा होता हे ठरवायचे झाले, तर आपण हीच नोंदवही उघडतो. आता तर ती मोबाईलवरही पाहता येते.

या नोंदवहीत कर्नल सी. के. नायडू यांच्या नावापुढे काय लिहिले आहे? कसोटी सामने ७, डाव १४, धावा ३५०. फलंदाज जितक्या वेळा बाद झाला, त्या संख्येने त्याच्या एकूण धावांना भागले म्हणजे त्याची सरासरी मिळते. नायडू चौदाही डावांत बाद झाले. म्हणून ३५० भागिले १४, म्हणजे सरासरी बरोबर २५. शतक एकही नाही. नुसता हा आकडा पाहणारा म्हणेल, की हा एक साधारण फलंदाज होता.

परंतु भारतीय क्रिकेट नियामक मंडळ ज्येष्ठ खेळाडूंना जीवनगौरव पुरस्कार देते, तो याच नायडूंच्या नावाने. ज्यांनी त्यांना खेळताना पाहिले, ते म्हातारपणीही त्यांच्या फटक्यांच्या गोष्टी सांगत. मग खरे काय मानायचे? नोंदवहीतला आकडा, की पाहणाऱ्यांचे डोळे? या प्रश्नाचे उत्तर नायडूंच्या आयुष्यातच शोधले पाहिजे.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूर येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे आंध्रातले, तेलुगू बोलणारे. पण ते नागपुरात स्थायिक झाले होते. नागपूरच्या हिस्लॉप शाळेत त्यांचे शिक्षण झाले. लहानपणापासून त्यांना खेळाची आवड होती. उंच, सडपातळ बांधा, लांब हात आणि ताठ चाल यांमुळे ते मैदानात उतरले, की लोकांचे लक्ष त्यांच्याकडे जाई.

त्या काळी मुंबईत एक मोठी स्पर्धा भरत असे. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम असे चार संघ तिच्यात खेळत. आज आपल्याला अशी विभागणी खटकते. पण तेव्हा देशातले उत्तम क्रिकेट याच स्पर्धेत पाहायला मिळे. १९१६ साली नायडू हिंदू संघाकडून युरोपियन संघाविरुद्ध प्रथमच या स्पर्धेत उतरले. ते खेळायला आले तेव्हा संघाची अवस्था बिकट होती. सात गडी बाद झाले होते आणि धावा होत्या अवघ्या ७९. एकविसाव्या वर्षाच्या नवख्या खेळाडूने अशा वेळी जपून खेळावे, अशी सर्वांची अपेक्षा. नायडूंनी पहिले तीन चेंडू शांतपणे अडवले आणि चौथ्या चेंडूवर षटकार मारला. पुढच्या सत्तेचाळीस वर्षांच्या खेळाची ही सुरुवात होती.

१९२३ साली इंदूरच्या होळकर महाराजांनी नायडूंना आपल्या संस्थानात बोलावून घेतले. संस्थानाच्या फौजेत त्यांना अधिकारपद मिळाले. पुढे ते कर्नल झाले आणि हीच पदवी त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. इंदूर हे त्यांचे दुसरे घर बनले.

डिसेंबर १९२६ मध्ये त्यांनी जी खेळी केली, तिने त्यांचे नाव घरोघरी पोहोचवले. आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा एम. सी. सी. संघ भारतात आला होता. मुंबईच्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर त्यांचा सामना हिंदू संघाशी होता. हे मैदान आजही आझाद मैदानाला लागून आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले, की पायी जाता येते. नायडू फलंदाजीला आले आणि त्यांनी इंग्लिश गोलंदाजांवर हल्लाच चढवला. ११६ मिनिटांत त्यांनी १५३ धावा केल्या. त्यांत १३ चौकार आणि ११ षटकार होते. एक चेंडू तर जिमखान्याच्या इमारतीच्या छपरावर जाऊन पडला. बातमी शहरात पसरली, तसे लोक कामधंदा सोडून मैदानाकडे धावू लागले. जागा मिळेना, तेव्हा लोक आसपासच्या झाडांवर चढले. पाहुण्या संघानेही खिलाडूपणा दाखवला आणि नायडूंना चांदीची बॅट भेट दिली.

आता नोंदवहीच्या दृष्टीने पाहू. १५३ ही संख्या काही फार मोठी नाही. त्याच्या आधी आणि नंतरही अनेकांनी याहून जास्त धावा केल्या आहेत. पण त्या दिवशी मैदानावर असलेल्या लोकांनी नुसत्या धावा मोजल्या नव्हत्या. देशावर इंग्रजांचे राज्य होते. क्रिकेट हा खेळही इंग्रजांचाच. आपल्याला तो त्यांच्याकडून शिकायचा आहे, असेच बहुतेकांना वाटत होते. अशा वेळी आपल्यातला एक माणूस इंग्लंडच्या गोलंदाजांना न घाबरता, हसतखेळत सीमेपार फेकून देतो, हे त्यांनी पाहिले. त्या काळी दूरचित्रवाणी नव्हती आणि आपल्याकडे सामन्याचे धावते समालोचनही सुरू झाले नव्हते. ज्याने पाहिले त्यानेच ते इतरांना सांगितले. भारतीय संघ इंग्लंडशी बरोबरीने खेळू शकेल, असा विश्वास गिलिगन यांच्या या दौऱ्यातून निर्माण झाला. १९२८ साली भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना झाली आणि आणखी चार वर्षांनी भारताला पहिला कसोटी सामना मिळाला.

हा सामना २५ जून १९३२ रोजी लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर सुरू झाला. दौऱ्याचे कर्णधार होते पोरबंदरचे महाराज. पण आपण कसोटीच्या दर्जाचे खेळाडू नाही, हे ओळखून त्यांनी स्वतःहून बाजूला राहणे पसंत केले. उपकर्णधार जखमी होते. म्हणून भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे नेतृत्व नायडूंकडे आले. सामन्याची सुरुवात अशी झाली, की इंग्लंडचे प्रेक्षक चकित झाले. वेगवान गोलंदाज मोहम्मद निसार यांनी इंग्लंडच्या दोन्ही सलामीवीरांचे त्रिफळे उडवले आणि अवघ्या १९ धावांत इंग्लंडचे तीन गडी बाद झाले. निसार यांनी त्या डावात पाच बळी घेतले. क्षेत्ररक्षण करताना नायडूंच्या हाताला दुखापत झाली. तरीही ते फलंदाजीला उतरले आणि त्यांनी ४० धावा केल्या. भारताच्या पहिल्या डावातली हीच सर्वांत मोठी धावसंख्या होती. भारत तो सामना १५८ धावांनी हरला. पण आपला संघ कच्चा नाही, हे जगाला समजले.

नोंदवहीत फक्त ४० हा आकडा आहे. हात दुखावलेला होता, हे तिथे लिहिलेले नाही.

त्या दौऱ्यात नायडूंनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १,६१८ धावा केल्या आणि ६५ बळी घेतले. क्रिकेटची विख्यात वार्षिकी 'विस्डेन' हिने १९३३ साली वर्षातल्या पाच उत्तम खेळाडूंत त्यांची निवड केली.

डिसेंबर १९३३ मध्ये भारताच्या भूमीवर पहिला कसोटी सामना झाला, तोही बॉम्बे जिमखान्यावरच. या सामन्यात लाला अमरनाथ यांनी ११८ धावा करून भारताचे पहिले कसोटी शतक झळकावले. त्यांच्याबरोबर नायडूंनी १८६ धावांची भागी केली. त्यात नायडूंच्या स्वतःच्या धावा होत्या ६७. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात कर्णधारपद विजयानगरमच्या महाराजकुमारांना मिळाले. नायडू साधे खेळाडू म्हणून खेळले. ओव्हल मैदानावरच्या अखेरच्या कसोटीत एक वेगवान चेंडू त्यांच्या अंगावर जोरात आदळला. वेदना असह्य होत्या, पण त्यांनी मैदान सोडले नाही. त्या डावात त्यांनी ८१ धावा केल्या. कसोटीतली ही त्यांची सर्वोच्च धावसंख्या आणि हाच त्यांचा शेवटचा कसोटी सामना.

आता सुरुवातीच्या त्या आकड्यांकडे पुन्हा पाहा. सातच कसोटी सामने का? कारण १९३२ ते १९३६ या काळात भारत एकूण सातच कसोटी सामने खेळला. नायडू त्या सातही सामन्यांत होते. पहिला सामना ते खेळले तेव्हा त्यांचे वय ३६ वर्षांचे होते आणि शेवटच्या सामन्याच्या वेळी ४० वर्षांचे. या वयात बहुतेक खेळाडू निवृत्तीचा विचार करतात. त्यांच्या ऐन उमेदीच्या काळात भारताला कसोटी खेळण्याची संधीच नव्हती. पुढे दुसरे महायुद्ध आले आणि भारताचा त्यानंतरचा कसोटी सामना १९४६ साली झाला. म्हणजे सात हा आकडा नायडूंच्या गुणांविषयी काही सांगत नाही. तो त्या काळाविषयी सांगतो. पंचवीसची सरासरी खोटी नाही. पण ती कोणत्या वयात, कोणासमोर आणि किती संधी मिळाल्यावर आली, हे विचारल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही.

मग आकडे बाजूला ठेवून फक्त पाहणाऱ्यांवर विश्वास ठेवावा काय? तेही बरोबर ठरणार नाही. डोळ्यांनाही एक खोड असते. जे भव्य असते, तेच त्यांच्या लक्षात राहते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे नायडूंनी मारलेला एक षटकार नदी ओलांडून गेला, अशी गोष्ट सांगतात. ती नदी तेव्हा दोन परगण्यांची सीमा होती. म्हणून चेंडू एका परगण्यातून दुसऱ्या परगण्यात गेला, असे लोक कौतुकाने सांगू लागले. अशा गोष्टी सांगताना चेंडू दर वेळी थोडा अधिक दूर जातो, हे आपल्याला ठाऊकच आहे.

षटकारांच्या या गोष्टींत नायडूंचे दुसरे मोठे काम मात्र झाकले गेले. ते उत्तम गोलंदाज होते. आपल्या संपूर्ण कारकिर्दीत प्रथम श्रेणीच्या २०७ सामन्यांत त्यांनी ११,८२५ धावा केल्या, २६ शतके ठोकली आणि ४११ बळीही घेतले. या चारशे अकरा बळींच्या गोष्टी सहसा कोणी सांगत नाही. जिमखान्याच्या छपरावर पडलेला चेंडू सर्वांना आठवतो. पण उन्हात षटकामागून षटक टाकणारा गोलंदाज कोणाच्या लक्षात राहत नाही. ती आठवण नोंदवहीने जपून ठेवली. म्हणजे कधी आकडा माणसाला लहान दाखवतो, तर कधी डोळे जे विसरतात ते आकडाच लक्षात ठेवतो.

कसोटी सामने संपले तरी नायडूंचा खेळ संपला नाही. होळकर संघाचे कर्णधार म्हणून त्यांनी अनेक वर्षे रणजी स्पर्धा गाजवली. १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. १९४५-४६ च्या हंगामात बडोद्याविरुद्ध नायडूंनी २०० धावा केल्या, तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशी ओलांडली होती. शिस्तीच्या बाबतीत ते फार कडक होते. वेळेवर सराव, स्वच्छ पोशाख आणि सशक्त शरीर यांविषयी ते कोणाचीही सबब ऐकत नसत. मुंबईविरुद्धच्या एका सामन्यात दत्तू फडकर यांचा उसळता चेंडू त्यांच्या तोंडावर बसला आणि त्यांचे दात पडले. तेव्हा डोक्यावर शिरस्त्राण घालण्याची पद्धत नव्हती. कर्नलसाहेब क्षणभर थांबले आणि पुन्हा खेळायला उभे राहिले. त्या वेळीही ते पन्नाशीच्या पुढचे होते.

इंदूरमधल्याच एका मुलाचे गुण नायडूंनी लहानपणीच ओळखले आणि त्याला घडवले. तो मुलगा म्हणजे सय्यद मुश्ताक अली. १९३६ साली मँचेस्टरच्या कसोटीत मुश्ताक अली यांनी ११२ धावा केल्या. परदेशात कसोटी शतक करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्याबरोबर सलामीला होते मुंबईचे विजय मर्चंट. त्यांनी ११४ धावा केल्या आणि दोघांनी मिळून २०३ धावांची सलामी दिली.

आकडे आणि डोळे यांच्यातला फरक या जोडीकडे पाहिले की अधिक स्पष्ट होतो. मर्चंट यांची प्रथम श्रेणीतली सरासरी ७१.६४ आहे. जगातल्या मोठ्या फलंदाजांत त्यांच्या पुढे एकटे ऑस्ट्रेलियाचे डॉन ब्रॅडमन आहेत. मर्चंट यांचा मोठेपणा आकडाच सांगतो, त्याला साक्षीदाराची गरज नाही. मुश्ताक अली यांची कसोटीतली सरासरी मात्र ३२.२१ एवढीच. तरीही १९४५ साली कलकत्त्याच्या सामन्यासाठी त्यांना वगळले, तेव्हा तिथल्या रसिकांनी निषेध केला आणि निवड समितीला त्यांना संघात घ्यावे लागले. या लोकांनी सरासरी काढून पाहिली नव्हती. त्यांनी मुश्ताक अलींचा खेळ पाहिला होता. नायडू आपल्या शिष्याप्रमाणेच पाहण्याचे खेळाडू होते. पण मर्चंट यांना कमी लेखून नायडूंना मोठे करण्याचे कारण नाही. एकाने संघाला भक्कम पाया दिला, दुसऱ्याने संघाला हिंमत दिली. या दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत.

आपल्या भिवंडीत यंत्रमागावर कापड विणले जाते. तागा किती मीटरचा आहे, हे मोजपट्टी सांगते आणि विणणाऱ्याचा हिशेबही त्यावरच होतो. मोजपट्टी नसेल तर व्यवहारच होणार नाही. पण जाणता व्यापारी कापड घेताना नुसते मीटर विचारत नाही. तो कापड उजेडात धरतो, बोटांनी चोळून त्याचा पोत पाहतो. खेळाडूची पारखही अशीच करावी लागते. आधी आकडा वाचावा, मग तो आकडा कसा आला हे विचारावे, आणि शक्य असेल तर त्याचा खेळ डोळ्यांनी पाहावा. ज्यांचा खेळ आता पाहता येत नाही, त्यांच्याविषयी पाहणाऱ्यांनी काय सांगितले ते ऐकावे; पण तेही तपासून.

तुमच्या हातातही दरवर्षी एक आकडा येतो. गुणपत्रिका खोटी नसते. ती मनापासून वाचावी आणि कमी पडलेल्या विषयाचा अभ्यास करावा. पण घरी लहान भावंडांना सांभाळून, मागाच्या आवाजात बसून एखाद्या मुलीने मिळवलेले पंचावन्न टक्के आणि सर्व सोयी असताना मिळवलेले पंचावन्न टक्के कागदावर सारखेच दिसतात. ते सारखे नसतात. नायडूंच्या ओव्हलवरच्या ८१ धावा ज्याने पाहिल्या, त्याला हे समजावून सांगावे लागले नसते.

१९५६ साली भारत सरकारने नायडूंना पद्मभूषण हा किताब दिला. १९५६-५७ च्या हंगामात, वयाच्या ६१ व्या वर्षी, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी स्पर्धा खेळले आणि त्यांनी अर्धशतकही काढले. १९६३ साली मदतनिधीसाठी भरवलेल्या एका सामन्यात ते अखेरचे मैदानात उतरले, तेव्हा ते ६८ वर्षांचे होते. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले.

आज त्यांच्या नावाने तरुण खेळाडूंची सी. के. नायडू करंडक स्पर्धा खेळली जाते. तिच्यात खेळणाऱ्या मुलांनी नायडूंना पाहिलेले नाही. या मुलांच्या धावा आणि बळीही नोंदवहीत लिहिले जातात. त्यांतला एखादा जखमी हाताने चाळीस धावा काढत असेल. नोंदवहीत चाळीसच लिहिले जातील. बाकीचे लक्षात ठेवण्याचे काम मात्र पाहणाऱ्यांचे आहे.